पैसा एकदा येतो, गाळ दरवर्षी येतो



आजचा भाग वाराणसीहून. मी मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसलोय. एका बाजूला अहिल्याबाई घाट आणि त्याच्या पलीकडे दशाश्वमेध, दुसऱ्या बाजूला दरभंगा घाट. पावसाळा संपलाय, गंगा उतरलीय आणि उतरताना पायऱ्यांवर गाळाचा थर सोडून गेलीय. ज्यांनी या भागाचा व्हिडिओ पाहिला असेल त्यांना मागे एक घरघर ऐकू आली असेल. तो पंपाचा आवाज आहे. नदीचंच पाणी उपसून, पाइपने जोरात मारून गाळ परत नदीत ढकलण्याचं काम चाललंय. हे काम दरवर्षी करावं लागतं.

हा घाट बांधला श्रीधर नारायण मुन्शी यांनी. ते नागपूर राज्याचे मंत्री होते. म्हणजे हा दगड जवळच्या चुनारचा आणि पैसा आपल्या नागपूरकडचा. पुढे 1915 मध्ये दरभंग्याच्या राजाने इथला वाडा घेतला आणि घाटाचा एक भाग त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. मालक बदलले, नाव वाटलं गेलं, पण गाळ काही थांबला नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे परवा आलेला एक फोन. फोन विदर्भातल्या माझ्या गावच्या पोरांचा होता. त्यांनी शेतकऱ्यांची एक कंपनी काढलीय. युरोपातली एक संस्था शेती आणि ग्रामविकासासाठी मदत करायला तयार आहे, दोन आठवड्यांनी ऑनलाइन बैठक आहे. पोराने विचारलं, "काका, आकडा किती टाकायचा जी?"

मी म्हटलं, आकडा सगळ्यात शेवटी. आधी बाकीचं बोलू. ते बाकीचं म्हणजे आजचा हा भाग. पोरांसाठी आहेच, पण तुम्ही बेळगावात असा, इंदुरात असा, बडोद्यात असा, तुमच्या गावातही कधी ना कधी असा कागद येणार. तेव्हा उपयोगी पडेल.

आधी समोरच्याचं घर बघा

फौजेत आम्हाला पहिला धडा शिकवतात तो रेकीचा. पुढे जाण्याआधी जमीन बघा, समोर कोण आहे ते बघा, त्याची अडचण काय ते बघा. वाटाघाटीतही तेच.

युरोपचा शेतीवरचा पैसा म्हणजे काही दानपेटी नव्हे. तिथे स्वतःच्याच घरात त्या पैशावरून साठ वर्षं भांडण चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लोकांनी उपासमार पाहिली होती. म्हणून 1957 च्या रोम करारात शेतीला वेगळं स्थान दिलं आणि 1962 पासून सामायिक कृषी धोरण सुरू झालं. सूत्र साधं होतं. शेतकऱ्याला भावाची हमी द्यायची आणि बाजारात भाव पडला तर माल सरकारी यंत्रणेने विकत घ्यायचा.

आपल्याकडे हमीभावाचा विषय निघाला की लोक कान टवकारतात, म्हणून पुढचं नीट ऐका. भावाची हमी मिळाली, शेतकऱ्यांनी उत्पादन वाढवलं आणि काही वर्षांत गोदामं भरून वाहू लागली. लोण्याचे डोंगर आणि दुधाच्या पावडरीचे ढीग झाले. विकायला गिऱ्हाईक नाही, ठेवायला शीतगृहाचं भाडं. शेवटी 1984 मध्ये प्रत्येक देशाला दुधाचा कोटा ठरवून द्यावा लागला, तो 2015 पर्यंत चालला.

त्याच 1984 साली फ्रान्समधल्या फाँतेनब्लो इथे मार्गारेट थॅचर बाईंनी ब्रिटनसाठी वर्गणीतली सूट मिळवली. त्यांचं म्हणणं असं होतं की सामायिक तिजोरीतला मोठा हिस्सा शेतीवर जातो, आमच्याकडे शेती थोडी, मग आम्ही भरतो जास्त आणि परत मिळतं कमी. पाच वर्षं त्यांनी हा मुद्दा सोडला नाही. म्हणजे बघा, सख्ख्या शेजाऱ्यांतसुद्धा शेतीचा पैसा फुकट सुटत नाही.

आज त्या धोरणाचे दोन खांब आहेत. पहिल्या खांबातून शेतकऱ्याच्या खात्यात थेट मदत जाते. दुसरा खांब ग्रामविकासाचा: पाणी, जंगल, तरुण शेतकरी, गावातले छोटे उद्योग. 2021 ते 2027 या सात वर्षांसाठी दोन्ही मिळून सुमारे 387 अब्ज युरो ठेवले गेले, म्हणजे युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाचा साधारण तिसरा हिस्सा.

या दुसऱ्या खांबातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक म्हणजे ग्रामविकासाचा पैसा पूर्ण ब्रुसेल्समधून येत नाही. प्रत्येक देशाला स्वतःचा वाटा घालावा लागतो. दुसरी म्हणजे 1991 पासून त्यांच्याकडे 'लीडर' नावाची पद्धत आहे. तिच्यात त्या भागातले शेतकरी, पंचायती, दुकानदार, संस्था एकत्र बसून आपल्या भागाचा आराखडा करतात आणि पैसा त्या आराखड्यामागे जातो. म्हणजे तिथला माणूस आपल्याशी बोलायला बसतो तेव्हा त्याच्या डोक्यात दोन प्रश्न आधीपासून असतात. तुमचा वाटा किती? आणि हा आराखडा नक्की कोणी केला?

2028 नंतरच्या सात वर्षांसाठी युरोपीय आयोगाने जुलै 2025 मध्ये जो प्रस्ताव मांडला, त्यात शेतीचा पैसा इतर निधींबरोबर एका मोठ्या थैलीत घालायचं म्हटलंय. तिथले शेतकरी त्यावर चिडलेत. 2024 च्या सुरुवातीला ट्रॅक्टर घेऊन त्यांनी ब्रुसेल्सचे रस्ते अडवले होते, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. ज्याच्या घरात हे चाललंय तो आपल्याला पैसा देताना दहा वेळा हिशेब मागणार. त्याचा राग मानू नका. त्यालाही घरी जाऊन उत्तर द्यायचंय.

लोण्याचा डोंगर आणंदला कसा वळला

आता आपल्या बाजूची गोष्ट. युरोपच्या शेतीच्या पैशाशी भारताने केलेला सगळ्यात मोठा सौदा म्हणजे ऑपरेशन फ्लड, आपण ज्याला दुधाचा महापूर म्हणतो ते.

1960 च्या दशकाच्या अखेरीस युरोपात लोणी आणि पावडर साचली होती. ती कुठे तरी जाणार हे उघड होतं. गरीब देशांना मदत म्हणून फुकट वाटली असती तर ऐकायला किती छान! पण विचार करा. मुंबईच्या बाजारात फुकटच्या पावडरीचं स्वस्त दूध आलं असतं तर खेड्यातल्या बाईच्या म्हशीच्या दुधाला भाव कोणी दिला असता? मदतीने माणूस जगतो तसा मदतीने धंदा मरतोही.

आणंदला बसलेल्या डॉ. वर्गीस कुरियन यांनी हा धोका पाहिला आणि त्यातच संधीही पाहिली. त्यांनी मांडलेली योजना अशी होती. युरोपने पावडर आणि बटर ऑइल भेट द्यावं, ते जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत यावं, पण इथे फुकट वाटू नये. इथल्या शहरांतल्या डेअऱ्यांना ते योग्य दराने विकायचं, म्हणजे शेतकऱ्याचा भाव पडणार नाही. आणि विक्रीतून जे रुपये येतील ते खर्चून टाकायचे नाहीत, त्यातून गावोगावचे दूध संघ, शीतकरण केंद्रं, टँकर, पशुखाद्याचे कारखाने उभे करायचे.

पहिल्या टप्प्यासाठी 1 लाख 26 हजार टन पावडर आणि 42 हजार टन बटर ऑइल ठरलं. त्यातून 95 कोटी रुपयांच्या आसपास भांडवल उभं राहील असा अंदाज होता. 1970 साली काम सुरू झालं. हा माल घेण्यासाठी आणि पैसा वाटण्यासाठी इंडियन डेअरी कॉर्पोरेशन हे स्वतंत्र महामंडळ काढलं. देशातली 18 दूधक्षेत्रं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार महानगरांना जोडायची असा बेत होता. दूध संघांना मिळालेला पैसाही नुसतं अनुदान नव्हतं. त्यात 70 टक्के कर्ज आणि 30 टक्के अनुदान होतं. म्हणजे संघाला परतफेड करायची होती आणि परतफेड करायची तर डेअरी चालवावीच लागणार.

हा सौदा जमला कसा? माझ्या मते तीन कारणांनी. युरोपला साठा हलवायची गरज होती आणि ती गरज आपल्या माणसाने ओळखली होती. दुसरं, आपण रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. खेडा जिल्ह्याचा संघ 1946 पासून चालू होता. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी तज्ज्ञ छातीठोकपणे सांगत असताना एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली होती आणि 1955 मध्ये तिचा कारखाना आणंदला सुरू झाला होता. लालबहादूर शास्त्रींनी 1964 मध्ये तिकडे मुक्काम करून ते काम पाहिलं आणि 1965 मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालं. तिसरं कारण सगळ्यात मोठं. ही भेट कधी ना कधी बंद होणार हे धरूनच आखणी केली होती. पावडर थांबेल त्या दिवशी गावचं दूध तिची जागा घ्यायला तयार असलं पाहिजे, असा तो हिशेब होता.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पाच वर्षांचा पहिला टप्पा 1981 पर्यंत लांबला. 1983 मध्ये गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी इलस्ट्रेटेड वीकलीत या कार्यक्रमावर कडक टीका केली. शहरांच्या दुधासाठी आपण युरोपच्या पावडरीवर टेकतोय आणि यशाचे आकडे फुगवलेले आहेत, असा तिचा रोख होता. देशभर खळबळ उडाली. ती टीका मी मुद्दाम वाचायला सांगतो. बाहेरचा पैसा घेताना घरातला टीकाकार हा शत्रू नसतो, तो आपला संत्री असतो. रात्री संत्री "थम, कौन आता है" असं ओरडतो म्हणून त्याला कोणी हाकलून देत नाही.

कार्यक्रम 1996 मध्ये संपला. आणि 1998 पर्यंत भारत जगात सर्वाधिक दूध काढणारा देश झाला होता. त्याचं सगळं श्रेय युरोपच्या पावडरीला देता येणार नाही. पण ती पावडर संपल्यावर डेअऱ्या बंद पडल्या नाहीत, हे खरं.

नगर जिल्ह्यातली परीक्षा

दुसरी गोष्ट महाराष्ट्रातली, आणि मला ती पहिलीहून जवळची वाटते. कारण ती गावाच्या पातळीवरची आहे.

हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघी धर्मगुरू 1948 मध्ये भारतात आले. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, त्यांनी आयुष्य घालवलं. मराठी इतकी अंगवळणी पडली की लोक त्यांना हरिभाऊ म्हणू लागले. 1972 चा दुष्काळ त्यांनी गावात राहून पाहिला. विहिरी, कर्ज, पाइपलाइन सगळं करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जमिनीत पाणीच मुरत नसेल तर विहीर खणून उपयोग काय? उपाय एकच होता, पाणलोट. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं आणि जिरवायचं.

1989 पासून त्यांनी जर्मनीच्या मदतीने मोठा कार्यक्रम उभा करायचं मनावर घेतलं आणि त्यातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मन सरकारचा, तो केएफडब्ल्यू या त्यांच्या विकास बँकेमार्फत यायचा, इथे नाबार्ड सांभाळायची आणि गावांना तयार करायचं काम 1993 मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी स्थापन केलेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट आणि स्थानिक संस्था करायच्या.

या कार्यक्रमाची खुबी रकमेत नव्हती, क्रमात होती. आपल्याकडे नेहमी आधी निधी मंजूर होतो, मग गाव शोधतात, मग लोकसहभागाचा फोटो काढतात. इथे उलटं होतं. आधी गावाने ठरवायचं. ग्रामसभेने समिती नेमायची. मग प्रत्येक घरातून चार दिवस श्रमदान करून दाखवायचं. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, पाणी पिऊन टाकणाऱ्या पिकांना आवर घालायचा. यात गाव टिकलं तर आधी एका छोट्या तुकड्यावर काम, शिकण्यासाठी. तेही नीट झालं तर मग पूर्ण पाणलोटाचा पैसा. त्यातही अकुशल मजुरीच्या 16 टक्क्यांइतकं श्रमदान गावाचं, भूमिहीनांना त्यातून सवलत. आणि काम संपल्यावर बांध-बंधारे सांभाळायला देखभाल निधी.

फौजेत आम्ही जवानाला आधी रायफल देत नाही. आधी धाव घे, ओझं उचल, शिस्त दाखव. रायफल नंतर. हे तसंच होतं.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्या कार्यक्रमातलं नावाजलेलं गाव. उन्हाळ्यात टँकरवर जगणारं, मेंढपाळांची वस्ती असलेलं. चराईबंदी म्हटल्यावर पहिला प्रश्न मेंढपाळाचाच असणार: माझी मेंढरं काय खाणार? आणि तो प्रश्न बरोबर आहे. अभ्यासकांनीही दाखवलंय की पाणलोटाचा फायदा खालच्या अंगाला जमीन असणाऱ्याला जास्त आणि चराईबंदीचा भार शेळ्या-मेंढ्या असणाऱ्या गरिबाला जास्त. दरेवाडीत डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने काम करून वाट काढली. म्हणजे वाटाघाट फक्त जर्मनीशी नव्हती. गावातल्या गावात, बागायतदार आणि मेंढपाळ यांच्यातली वाटाघाट जास्त अवघड होती. ती आधी झाली म्हणून पुढची टिकली.

याचा शेवट मला सगळ्यात आवडतो. या अनुभवातून 1999-2000 मध्ये नाबार्डमध्ये 200 कोटींचा पाणलोट विकास निधी उभा राहिला, निम्मा केंद्र सरकारचा आणि निम्मा नाबार्डचा. पैसा आपला, पद्धत तिथे कसाला लागलेली. बाहेरची मदत घ्यायची ती अशी, की पुढच्या वेळी तिची गरजच लागू नये.

आणि आमचा कूलर

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण दुसऱ्याच्या यशावर भाषण देणं सोपं असतं.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा एका युरोपीय संस्थेच्या मदतीने गावात दुधाचा बल्क कूलर बसवायचं ठरलं. बैठकीला अध्यक्ष मी. कर्नल साहेब आहेत, इंग्रजी बोलतात, म्हणून पुढे मी. दोन तास आम्ही काय बोललो? टाकी किती लिटरची, पत्रा कोणता, उद्घाटनाला कोण. मी छाती पुढे काढून सही केली.

पहिली दोन वर्षं जनरेटरचं डिझेल आणि चालवणाऱ्या पोराचा पगार त्यांच्याकडून होता. तो करारात तेवढाच होता, त्यांनी काही लपवलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी तो थांबला. आमच्याकडे थ्री फेज लाइट आठ तास. डिझेलचे पैसे कोणी भरायचे यावर तीन बैठका झाल्या. मे महिन्यात दोनदा दूध नासलं. लोक निमूटपणे पुन्हा खासगी गवळ्याकडे दूध घालू लागले. कूलर आजही समाजमंदिराशेजारच्या खोलीत आहे. गावात मला कोणी काही बोलत नाही. पण रोज सकाळी त्या खोलीवरून मी फिरायला जातो आणि कुलूप दिसतं.

एका बाईने त्या पहिल्या बैठकीतच विचारलं होतं, "साहेब, लाइट गेली तर?" मी म्हणालो होतो, बघू नंतर. ज्या घरात दोन म्हशी होत्या तिला कळलं होतं, मला कळलं नव्हतं. चूक देणाऱ्याची नव्हती. मी चुकीच्या गोष्टीवर घासाघीस करत होतो.

टेबलावर बसण्याआधी

तर पोरांनो, बैठकीला बसण्याआधी ही यादी समोर ठेवा.

पहिलं, पैसा कोणत्या वाटेने येतोय ते बघा. तीन वाटा आहेत. सरकार ते सरकार, जसा जर्मनीचा आला. दुसरी, संयुक्त राष्ट्रांसारख्या संस्थांमार्फत, जशी पावडर आली. तिसरी, परदेशी संस्थेकडून इथल्या संस्थेला. 2003 मध्ये भारत सरकारने ठरवलं की थेट सरकारी मदत मोजक्याच मोठ्या देशांकडून घ्यायची, बाकीच्यांनी संस्थांमार्फत द्यावी. त्यामुळे तिसरी वाट महत्त्वाची झाली. पण तिथे परदेशी देणग्यांचा कायदा लागतो, आपण एफसीआरए म्हणतो तो. संस्थेची त्याखाली नोंदणी हवी. 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या वर चालत नाही. "पैसा आमच्या खात्यात घेऊ, मग तुम्हाला देऊ," असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा आणि चांगल्या सीएला विचारा.

दुसरं, त्यांना हे का करायचंय ते विचारा. सरळ विचारा. यात अपमान नाही. कोणाला हवामानाचं उद्दिष्ट गाठायचंय, कोणाला महिलांचा सहभाग दाखवायचाय, कोणाला वर्ष संपायच्या आत निधी खर्च करायचाय. त्यांची गरज कळली की आपण काय देऊ शकतो ते कळतं.

तिसरं, आपला वाटा आधी ठरवा आणि आधी घाला. रोख नसेल तर श्रम, जागा, दूध, वेळ. स्वतः काही घातलेला माणूस टेबलावर ताठ बसतो.

चौथं, वेळापत्रक आपल्या मातीचं असू द्या. त्यांचं वर्ष बहुतेक जानेवारी ते डिसेंबर, सरकारचं एप्रिल ते मार्च आणि आपलं मृगापासून. बांधबंदिस्तीचा हप्ता ऑगस्टमध्ये आला तर त्याचा उपयोग पुढच्या वर्षी. म्हणून कोणता हप्ता पावसाआधी हवा, ते करारात तारखेसकट लिहून घ्या.

पाचवं, चलन. आकडा युरोत ठरतो, खर्च रुपयांत होतो. तीन वर्षांत दर हलला तर फायदा-तोटा कोणाचा? हे आजच ठरवा. उद्या दोघांनाही आपलंच खरं वाटेल.

सहावं, मालकी. यंत्र कोणाच्या नावावर, बँकेत सही कोणाची, गावाची माहिती गोळा केली तर ती कोणाची? आणि हिशेबाचा फलक मराठीत, चावडीवर लावा. त्यांना पाठवायचा अहवाल इंग्रजीत असू दे, पण गावाला आधी कळलं पाहिजे.

सातवं, शेवटचा दिवस. फौजेत पुढे जाण्याच्या आखणीबरोबर मागे येण्याचीही आखणी करतात. ते जातील त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वीजबिल कोण भरणार, बेल्ट तुटला तर कोण आणणार, पगार कुठून देणार, हे रुपयांत लिहा. ते लिहिता येत नसेल तर मागणी लहान करा. दोन हजार लिटरच्या बंद टाकीपेक्षा पाचशेची चालू टाकी बरी.

आणि आठवं, नाही म्हणायची तयारी. अट मानवत नसेल, गावातल्या गरिबावरच भार पडत असेल, तर हात जोडून नको म्हणा. जो उठून जाऊ शकत नाही तो वाटाघाट करत नसतो, तो फक्त आभार मानत असतो.

हे आठ मुद्दे झाले की मग आकडा. आणि तेव्हा आकडा तुम्हाला विचारावा लागणार नाही, यादीतूनच निघेल.

घाटावरून उठताना

वाराणसीच्या बाहेर करखियांवला बनास डेअरीचं मोठं संकुल फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालं. बनासकांठा हा गुजरातचा दूध संघ, ऑपरेशन फ्लडच्या काळात वाढलेला. आता तो इथल्या पूर्वांचलच्या शेतकऱ्याचं दूध घेतो. पन्नास वर्षांपूर्वी युरोपच्या गोदामात पडून असलेल्या लोण्याचा पैसा फिरत फिरत कुठवर आला बघा. पण इथल्या दूधवाल्यानेही तेच प्रश्न विचारायला हवेत: भाव कोण ठरवतो, बोनस किती, संचालक मंडळात आमचा माणूस कधी? पैसा ब्रुसेल्सचा असो, बर्लिनचा असो की पालनपूरचा, प्रश्न बदलत नाहीत.

माझ्या समोर दोन पोरं अजून पाइप धरून आहेत. खालच्या दहा-बारा पायऱ्या मोकळ्या झाल्यात, अजून बऱ्याच बाकी आहेत. श्रीधर मुन्शींनी घाट एकदाच बांधला. तो आजपर्यंत बसायला मिळतो याचं अर्धं श्रेय या पाइपवाल्यांचं आहे आणि त्यांच्या आधी वर्षानुवर्षं फावडं घेऊन उतरलेल्या माणसांचं आहे. त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत.

पोरांना मी फोनवर सांगितलंय, बैठकीला मी येईन, पण अध्यक्ष म्हणून नाही, मागच्या खुर्चीवर. आणि पुढच्या खुर्चीवर त्या दोन म्हशीवाल्या बाईला बसवा. तिने पहिला प्रश्न विचारू दे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.